प्रेअरीवरची शेती: जमीन मिळाली, पाण्याचं काय?

माळरान

अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांवर (प्रेअरीवर), म्हणजे इलिनॉय-आयोवापासून नेब्रास्का, कॅन्सस, डाकोटापर्यंत, एकोणिसाव्या शतकात जी शेती उभी राहिली तिच्याबद्दल मी बरेच दिवस वाचते आहे. त्यातली जमिनीची गोष्ट सगळेच सांगतात. २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. सगळी मिळून १८ डॉलर फी भरा, पाच वर्षं तिथे राहा, घर बांधा, जमीन कसा, की १६० एकर तुमच्या नावावर. १ जानेवारी १८६३ पासून अर्ज घेणं सुरू झालं. नेब्रास्कातल्या बिॲट्रिसजवळचा डॅनियल फ्रीमन हा अगदी पहिल्या अर्जदारांपैकी. पुढे या कायद्याखाली सुमारे १६ लाख अर्जदारांना मिळून २७ कोटी एकर जमीन गेली.

त्या १६० एकरांत पाणी आहे का, हे मात्र कायद्याने कुठेच विचारलेलं नाही. घर कुठे बांधायचं, गुरं किती पाळायची, पोरं शाळेत जाणार की बादल्या वाहणार, हे सगळं त्या न विचारलेल्या प्रश्नाने ठरवलं, असं माझं मत झालं आहे. त्यावरच बोलायचं म्हणून हा धागा.

आधी त्या चौकोनाबद्दल. १७८५ च्या अध्यादेशापासून तिकडची सरकारी जमीन एक मैल लांब, एक मैल रुंद अशा चौकोनांत आखली जात होती. एका चौकोनात ६४० एकर, त्याचा चतकोर म्हणजे १६०. मध्ये ओढा येवो, टेकाड येवो, दलदल येवो, रेघ सरळच जायची. ओहायो-इंडियानासारख्या भरपूर पावसाच्या मुलखात हे निभावलं. पश्चिमेकडे मात्र एका चौकोनातून ओढा वाहायचा आणि शेजारच्या कित्येक चौकोनांत थेंब नसायचा. आधी आलेल्यांनी ओढ्याकाठ धरला, मागून आलेल्यांच्या वाट्याला उंचावरचा माळ आला. गुरांचे मोठे मालक आपल्या गुराख्यांना पाणवठ्याच्या जागांवर अर्ज भरायला लावायचे. पाणवठा हाती आला की भोवतालचं हजारो एकर सरकारी कुरण त्यांचंच झालं, कारण दुसऱ्या कुणाची गुरं तिथे पाण्यावाचून टिकणारच नव्हती.

हे वेळेवर सांगणारा एक माणूस होता. जॉन वेस्ली पॉवेल. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्याचा एक हात गेला होता. नंतर कोलोरॅडो नदीची मोहीम करून तो नावारूपाला आला. १८७८ मध्ये त्याने कोरडवाहू प्रदेशांबद्दल सरकारला अहवाल दिला. साधारण १०० व्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला २० इंचांहून (सुमारे ५०० मिमी) कमी पाऊस पडतो आणि तिथे नुसत्या पावसावर शेतीचा भरवसा धरता येणार नाही, असं त्याने स्पष्ट लिहिलं. ओलिताची सोय असेल तिथे एका कुटुंबाला ८० एकर पुरेत, चराऊ जमीन असेल तिथे २,५६० एकर द्यावेत, आणि वाटपाच्या रेघा पाण्याच्या सोयीने आखाव्यात म्हणजे प्रत्येकाला पाणवठ्याचा वाटा मिळेल, अशा त्याच्या सूचना होत्या. घरंसुद्धा पाण्याजवळ एकत्र असावीत असं त्याचं म्हणणं होतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यातलं काही स्वीकारलं नाही.

त्याच सुमारास उलट सांगणारे अधिक लोकप्रिय होते. नेब्रास्का विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकवणारे सॅम्युअल ऑघी म्हणत की गवताळ जमीन नांगरली की ती पावसाचं पाणी शोषून घेते, ते हळूहळू हवेत सोडते आणि त्यातून पाऊस वाढतो. १८८१ मध्ये चार्ल्स डेना विल्बर यांनी याच विचाराचं घोषवाक्य करून टाकलं: नांगरामागून पाऊस येतो. रेल्वे कंपन्यांना आपल्या जमिनी विकायच्या होत्या, त्यांना हे हवंच होतं. दुर्दैव असं की १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं पाऊसही चांगला झाला, त्यामुळे लोकांना ते डोळ्यांदेखत खरं ठरताना दिसलं. १८८५ ते ८७ मध्ये पश्चिम कॅन्ससमध्ये माणसांचा लोंढा आला. मग पाऊस हटला. १८९० कोरडं गेलं, १८९४ त्याहून वाईट. त्या उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यांनी उभा मका जागेवर करपवला. गावंच्या गावं ओस पडली.

ज्यांना या विषयातलं, तिथल्या विहिरींबद्दल, घरांबद्दल, रोजच्या कामाबद्दल माहीत आहे त्यांनी जरूर लिहावं.

कृष्णाकाठ

चांगला विषय काढलात, माळरानताई. पण तुमचं चित्र पश्चिमेच्या प्रेअरीचं आहे. पूर्वेच्या प्रेअरीचं दुखणं बरोबर उलटं होतं, तिथे पाणी जास्त होतं.

मध्य इलिनॉय आणि उत्तर-मध्य आयोवा हा हिमनद्यांनी सपाट केलेला मुलूख. उतार नाही, खाली चिकणमाती, म्हणून वसंतात बर्फ वितळलं की मैलोन् मैल पाणी साचून राहायचं. पुरुषभर उंच गवत, त्यात डास, आणि डासांबरोबर हिवताप. थंडी वाजून ताप येणं तिकडे इतकं नेहमीचं होतं की घराघरात क्विनाईन असायचं. म्हणून सुरुवातीचे शेतकरी झाडीच्या कडेला, नदीकाठाजवळ राहिले. आज जगातल्या उत्तम काळ्या जमिनीत गणली जाणारी ती मोकळी प्रेअरी कित्येक दशकं कुणी धरली नाही.

ती लागवडीखाली आली भाजलेल्या मातीच्या नळ्यांमुळे. स्कॉटलंडहून आलेल्या जॉन जॉन्स्टन नावाच्या शेतकऱ्याने १८३५ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हाजवळ आपल्या शेतात या नळ्या पुरल्या, तिथून ही पद्धत अमेरिकेत पसरली. हातभर लांबीच्या नळ्या एकापुढे एक चरात ठेवायच्या, सांधा बंद करायचा नाही. त्या फटींतून जमिनीतलं जादा पाणी आत झिरपतं आणि उताराने मोठ्या चरात जातं. पण एकट्याने नळ्या टाकून भागत नाही. माझं पाणी तुमच्या रानात सोडलं तर तुम्ही बुडाल. म्हणून इलिनॉयने १८७९ मध्ये निचऱ्याचे कायदे केले. शेतकऱ्यांनी मिळून निचरा-मंडळ स्थापायचं, कर गोळा करायचा आणि सामाईक चर खणायचा. गावोगाव नळ्यांच्या भट्ट्या निघाल्या.

आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात उसाच्या पाण्याने चिबड झालेल्या रानांत आता भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे पाईप पुरतात, त्यामागचं तत्त्व तेच. माझ्या स्वतःच्या रानात ते काम झालेलं आहे. शेजाऱ्याने वाट दिल्याशिवाय पाणी बाहेर निघत नाही, हे मी जवळून पाहिलेलं आहे, म्हणून त्या १८७९ च्या कायद्याचं मोल मला फार वाटतं.

माळरान

कृष्णाकाठ, तुमची भर फार मोलाची. चौकोनाची रेघ ओढ्याला जुमानत नाही, तशी दलदलीलाही जुमानत नव्हती. म्हणजे पूर्वेकडेही लोकांना शेवटी पाण्याच्या हद्दीवरच एकत्र यावं लागलं, फक्त तिथे पाणी घालवण्यासाठी. तिकडच्या गवताबद्दल थोडं: मोठं ब्लूस्टेम नावाचं ते गवत, त्याची मुळं दोन मीटरहून खोल जातात. ओतीव लोखंडाच्या नांगराला ती काळी माती चिकटून बसायची, दर काही पावलांना फाळ खरवडावा लागायचा. १८३७ मध्ये इलिनॉयच्या ग्रँड डिटूर गावातल्या जॉन डियर या लोहाराने घासून चकचकीत केलेला पोलादी फाळ बसवला तेव्हा माती आपोआप सुटू लागली. तरी पहिली नांगरट बैलांच्या तीन-चार, कधी त्याहून जास्त जोड्या जुंपूनच व्हायची.

लिंकनकर

मी नेब्रास्कात राहतो. विहिरींबद्दल लिहितो.

प्लॅट नदीच्या खोऱ्यात पाणी वर आहे आणि जमीन वाळूची. तिथे टोकदार, बाजूंना भोकं असलेला लोखंडी पाईप घणाने जमिनीत ठोकला आणि वर हातपंप बसवला की दिवसभरात विहीर तयार. ही ठोकविहिरीची युक्ती न्यूयॉर्क राज्यातल्या नेल्सन ग्रीनची, पेटंट १८६८ चं. पुढे पेटंटवाल्यांचे लोक दारोदार फिरून शेतकऱ्यांकडे रॉयल्टी मागू लागले. आयोवातले शेतकरी संघटित होऊन कोर्टात गेले आणि १८८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवलं.

खोऱ्यातून वर पठारावर गेलं की सगळं बदलतं. कस्टर काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) टेकाडांवर हाताने खणलेल्या विहिरी १०० फूट, काही ठिकाणी २०० फुटांच्याही पुढे गेल्या. खणणारा खाली, वर रहाटावर दुसरा माणूस किंवा घोडा, माती बादलीतून वर. तिथली लोएस (वाऱ्याने आणून साठवलेली बारीक) माती कुदळीला मऊ आणि सरळ कापली तरी उभी राहते, त्यामुळे खणणाऱ्याला धीर यायचा. मध्येच वाळूचा थर लागला की कडा ढासळायची आणि माणूस गाडला जायचा. बांधून काढायला दगड नाही, लाकूड विकत आणायचं, म्हणून कित्येक जण फळ्यांचं अस्तर अर्ध्यावरच सोडून देत. दुसरा धोका खाली साचणाऱ्या जड हवेचा. उतरण्याआधी कंदील किंवा मेणबत्ती दोराने खाली सोडत. ज्योत विझली तर उतरायचं नाही. हा नियम मोडून एकामागोमाग दोघे गेल्याच्या हकिकती तिकडच्या जुन्या आठवणींत आहेत.

जागा दाखवायला पाणाडी तिकडेही होते. विलो किंवा पीचची दुबेळकी फांदी हातात धरून चालायचं, ती जिथे वाकेल तिथे खणायचं. पठारावर पुरेसं खोल गेलं की बहुतेक ठिकाणी पाणी लागतंच, म्हणून त्यांचं नाव टिकलं.

पाहायला जायचं असेल तर कॅन्ससमधल्या ग्रीन्सबर्गची विहीर जरूर पाहा. १८८८ मध्ये पुरी झाली, १०९ फूट खोल, ३२ फूट रुंद, सगळी हाताने खणलेली. रेल्वे आणि गाव दोघांसाठी ती काढली होती. २००७ च्या टोर्नेडोने (भोवऱ्यासारख्या वादळाने) गाव जवळजवळ भुईसपाट केलं, विहीर राहिली. मी पायऱ्या उतरून तळापर्यंत गेलो आहे. इतकी माती माणसांनी फावड्याने वर काढली हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

चांदणवेल

विहीर नव्हती तोवरचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. पहिली एक-दोन वर्षं बहुतेकांकडे विहीर नसायची. खणायला वेळ नाही, पैसा नाही, आधी घर आणि थोडं पीक. तोवर पाणी वाहूनच आणायचं. लाकडी घसरगाडीवर पिंप ठेवायचं, बैल किंवा घोडा जुंपायचा आणि ओढ्यावर किंवा विहीर असलेल्या शेजाऱ्याकडे जायचं. हिंदकळून सांडू नये म्हणून पिंपात पाण्यावर लाकडाची चकती तरंगत ठेवत, वर कापड ताणून कडीने आवळत. पुरुष नांगरटीला किंवा मजुरीला दूर गेलेला असला की हे काम बाई आणि पोरांचं. ओढा आटला की रानरेड्यांनी (बायसन) लोळून केलेल्या खळग्यांतलं पावसाचं पाणी आणायचं, त्यातले किडे फडक्याने गाळायचे. आजारपण यायचंच.

आणि मिळालेलं पाणी किती वेळा वापरायचं! कपडे धुतलेल्या पाण्याने जमीन घासायची, उरलेलं भाजीच्या वाफ्याला. पश्चिमेकडच्या पुष्कळ विहिरींचं पाणी जड, त्यात साबणाला फेस येत नाही. मग आदल्या दिवशी लाकडाच्या राखेचा क्षार टाकून ते निवळायचं, वर आलेली साय काढायची, तेव्हा कुठे धुणं. म्हणून पागोळीचं पाणी बायका जपून ठेवायच्या. घराला फळ्यांचं छप्पर आलं की पहिल्यांदा पन्हळ आणि खाली हौद, ही मागणी घरातल्या बाईची असे.

आता पावसाची दुसरी बाजू. झाडं नाहीत, म्हणून घरं हिरवळीच्या ढेकळांची. विशिष्ट नांगराने गवतासकट मातीच्या पट्ट्या काढायच्या, साधारण तीन फूट लांब, एक फूट रुंद, चार इंच जाड असे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून भिंत रचायची. भिंत दोन-तीन फूट जाड, उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरात राहिलेल्यांना तो गारवा लगेच कळेल. पण छपरावरही तीच माती. पाऊस बाहेर थांबला तरी आत गळत राहायचा, तोही चिखल होऊन. आढ्याला मांजरपाट ताणून बांधत, म्हणजे माती आणि साप निदान पानात पडू नयेत. ज्या पावसासाठी डोळे लावून बसायचं, त्याच पावसात चुलीवरच्या भांड्यावर छत्री धरून स्वयंपाक करायचा. सॉलोमन बुचर याने १८८६ पासून कस्टर काउंटीत अशा घरांची आणि माणसांची शेकडो छायाचित्रं काढली. माणसं घरातल्या चांगल्या वस्तू बाहेर आणून, गुरंघोडी शेजारी उभी करून फोटोला बसलेली आहेत. चार क्रिसमन बहिणींचा त्यातला फोटो बघाच. त्या बहिणींनी आपापल्या नावावर जमीन घेतली होती. कायद्याने अविवाहित किंवा विधवा बाईला अर्ज करता येत होता, ही त्या काळातली मोठी गोष्ट.

रानपाखरू

सरपणाचं काय करत मग? झाडंच नव्हती म्हणता.

चांदणवेल

रानरेड्यांचं वाळलेलं शेण, ते संपल्यावर गुरांचं. आपल्याकडच्यासारखं थापायचं नाही, माळावर वाळलेलं गोळा करायचं. आधी बायकांना हात लावायला किळस यायची, मग सवय झाली. याशिवाय पीळ घालून घट्ट केलेल्या गवताच्या जुड्या, मक्याची बुरकुंडं, आणि १८७० च्या दशकात मक्याचे भाव पडले तेव्हा अख्खी कणसंसुद्धा जाळली.

जिरायती

धागा आवडला, पण माळरान यांच्या मूळ म्हणण्याशी मी पूर्ण सहमत नाही. पॉवेलचे २,५६० एकर कुणाला मिळाले असते? गुरांच्या मोठ्या मालकांनाच. बायकापोरांसह गाडीत बसून आलेल्या नॉर्वेच्या, बोहेमियाच्या किंवा आयोवातल्या कुळाला चार चौरस मैल चराईवर गुरं भरायला भांडवल कुठून येणार होतं? १६० एकर त्याला झेपणारं होतं. पश्चिमेकडच्या प्रतिनिधींनी पॉवेलला विरोध केला त्यात रेल्वेचा स्वार्थ होता, हे मान्य. पण गरिबाच्या हाती जमीन पडावी हाही एक खरा आग्रह होता.

आणि ते लोक नुसते फसलेले नव्हते, शिकतही होते. १८७४ मध्ये रशियाच्या साम्राज्यातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी कॅन्ससमध्ये टर्की जातीचा लाल हिवाळी गहू आणला. शरदात पेरायचा, बर्फाखाली राहतो, वसंताच्या ओलीवर वाढतो आणि उन्हाळ्याचे गरम वारे सुरू व्हायच्या आत कापणीला येतो. वसंतात पेरलेल्या मक्याचं जे व्हायचं ते या गव्हाचं होत नाही. कोरडवाहू शेतीत पीक बदलणं हाही पाण्याचाच उपाय असतो.

माळरान

जिरायती, गव्हाचा मुद्दा मी लिहायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. गरिबाच्या हाती जमीन जावी हेही मला मान्य. पण १६० एकर देऊन पाणी न देण्याची किंमतही त्याच गरिबाने भरली. ज्याच्याकडे पैसा होता तो पवनचक्की उभारून टिकला किंवा शेजाऱ्याची सोडून दिलेली जमीन घेऊन मोठा झाला. सरकारने पुढे आकडे बदललेच ना: १९०४ च्या किंकेड कायद्याने नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत ६४० एकर, १९०९ च्या कायद्याने पश्चिमेच्या कोरड्या भागात ३२०. म्हणजे पॉवेल बरोबर होता हे उशिरा का होईना कबूल झालं, पण तोवर दोन पिढ्या त्या माळावर झिजल्या होत्या.

आणखी एक. १८७३ च्या वृक्षलागवड कायद्यात ४० एकरांवर झाडं लावली तर १६० एकर जमीन, अशी अट होती. झाडांनी पाऊस येईल ही त्यामागची आशा. पाच वर्षांत ती अट १० एकरांवर आणावी लागली, कारण त्या माळावर पाणी घातल्याशिवाय रोपं जगेनात.

लिंकनकर

पवनचक्कीचा उल्लेख आला म्हणून. १८५४ मध्ये कनेक्टिकटच्या डॅनियल हॅलडे याने वाऱ्याकडे आपोआप तोंड वळवणारी आणि वादळात स्वतःचा वेग आवरणारी पवनचक्की बनवली. आधी ती रेल्वेने घेतली, वाफेच्या इंजिनांना माळावर पाणी लागायचं. १८८८ मध्ये शिकागोच्या एरमोटर कंपनीची पोलादी पात्यांची चक्की बाजारात आली. थॉमस पेरी याने पात्यांच्या आकारावर हजारो प्रयोग केले होते, त्यावर ती बेतलेली. ती स्वस्त होती, हलक्या वाऱ्यावरही चालायची. दोनशे फुटांवरचं पाणी रात्रंदिवस वर येऊ लागलं. १८७४ च्या जोसेफ ग्लिडनच्या काटेरी तारेने कुरण बांधलं आणि पवनचक्कीने त्या कुरणात पाणवठा दिला, तेव्हा ओढ्याकाठच्या मालकांची मक्तेदारी मोडली.

ज्यांना विकतची परवडत नव्हती त्यांनी घरीच बनवल्या. नेब्रास्का विद्यापीठाचे अर्विन बार्बर यांनी १८९० च्या दशकात अशा घरगुती पवनचक्क्यांची पाहणी केली. जुन्या खोक्यांच्या फळ्या, मोडक्या यंत्रांचे दांडे, गोणपाट यांतून शेतकऱ्यांनी काय काय उभं केलं होतं त्याची चित्रं त्यांनी छापली आहेत. एक प्रकार तर मोठ्या पेटीत आडवं चाक बसवलेला, त्याला जंबो म्हणत. पाच-दहा डॉलरमध्ये भाजीच्या मळ्याला पाणी.

चक्कीचं पाणी सरळ गुरांच्या हौदात जात नसे. आधी दूधघरातल्या पन्हळीतून जायचं, त्यात दुधाची भांडी थंड राहायची, मग पुढे हौदात. लोणी आणि साय विकून आलेला पैसा बाईच्या हाती असे आणि दुष्काळी वर्षात बऱ्याच घरांचा किराणा त्यावरच चालला. आठवड्यातून एकदा मनोऱ्यावर चढून वंगण घालायचं काम बहुधा मोठ्या मुलाचं. १९१५ मध्ये तेलात बुडालेल्या गिअरची चक्की आली तेव्हा ते चढणं वर्षातून एकदावर आलं.

अरुणोदय

यात एक गोष्ट राहतेय. त्या मैदानात आधीपासून शेती होती. पॉनी या तिथल्या मूळ जमातीची गावं प्लॅट, लूप आणि रिपब्लिकन नद्यांच्या काठी, मातीच्या मोठ्या गोल घरांची. बायका नदीकाठच्या मऊ गाळाच्या जमिनीत मका, घेवडा आणि भोपळा लावत, आणि वर्षातून दोनदा सगळं गाव रानरेड्यांच्या शिकारीला पश्चिमेच्या माळावर जाई. म्हणजे ओल जिथे आहे तिथे पीक आणि कोरड्या माळाचा उपयोग गवत खाणाऱ्या जनावरांसाठी. पॉवेलने १८७८ मध्ये जे मांडलं त्याच्याशी हे किती जुळतं बघा. १८५७ च्या तहाने त्यांची बहुतेक जमीन गेली, लूप नदीवरची राखीव पट्टी उरली आणि १८७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांना तिथूनही हलवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. होमस्टेडची 'मोकळी' जमीन अशी मोकळी केलेली होती, हे धाग्यात नोंदलेलं असावं.

तसंच १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी कॅन्ससमध्ये सॉलोमन नदीजवळ निकोडेमस वसवलं. पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या खोल्यांत काढला. औतफाटा जवळजवळ नाही, तरी ते टिकले. गाव आजही आहे.

रानपाखरू

टोळधाडीबद्दल ऐकलं होतं, ती याच भागात ना?

माळरान

हो, १८७४ चा उन्हाळा. डाकोटापासून टेक्सासपर्यंत. पीक, झाडांची साल, घोड्यांच्या सरंजामाचं चामडं, अवजारांचे घामेजलेले दांडे, सगळं खाल्लं. विहिरीत आणि ओढ्यात टोळ पडून पाणी नासलं, गुरं ते पिईनात. रुळांवर चिरडलेल्या टोळांच्या बुळबुळीने आगगाड्यांची चाकं घसरायची. नवल म्हणजे हीच जात १९०२ नंतर कुणाला जिवंत दिसली नाही. रॉकी पर्वताच्या खोऱ्यांत जिथे ती अंडी घालायची तिथेच वसाहतवाल्यांनी नांगरट आणि पाट काढले म्हणून ती संपली, असं एक मत आहे.

गोदातीर

या प्रेअरीच्या मक्याचा आपल्याशी एक खरा संबंध आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात अमेरिकेत वर्गणी आणि धान्य गोळा झालं आणि १९०० मध्ये 'क्विटो' नावाची आगबोट सुमारे दोन लाख बुशेल (तिकडचं धान्याचं माप) मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईला आली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं होतं, तिथले रॉबर्ट ह्यूम दुष्काळ-निवारणाच्या कामात पुढे होते. ज्या मैदानी राज्यांनी सहाच वर्षांपूर्वी स्वतःचा १८९४ पाहिला होता, तिथल्या शेतकऱ्यांचाही त्या मदतीत हात होता. मला ही नोंद सापडली तेव्हा फार बरं वाटलं होतं.

जिरायती

गोदातीर, हे माहीत नव्हतं. मनापासून आभार.

दुष्काळाचा विषय निघालाच आहे तर पाऊस पाडणाऱ्यांचंही. १८९१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने रॉबर्ट डायरनफोर्थ याला एकूण ९,००० डॉलर दिले. त्याने टेक्सासात मिडलँडजवळ फुगे आणि सुरुंग उडवून ढग हलवायचा प्रयत्न केला. कॅन्ससच्या गुडलंड गावात तर गुप्त रसायनांच्या वाफेने पाऊस पाडून देणाऱ्या कंपन्याच निघाल्या आणि काउंट्या त्यांच्याशी करार करू लागल्या. त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. पीक डोळ्यांसमोर जळत असताना माणूस काहीही करून पाहतो.

कृष्णाकाठ

एक प्रश्न लिंकनकरांना. तिथे आता ओलीत भरपूर आहे ना? मग १९ व्या शतकात खालचं पाणी होतं तर वापरलं का नाही? आणि आता त्याचा हिशेब कोण ठेवतं?

लिंकनकर

होतं, पण उपसायची ताकद नव्हती. पवनचक्की घराला, गुरांना आणि एखाद-दोन एकर मळ्याला पुरते, १६० एकरांना नाही. नेब्रास्कातल्या ओगलाला गावावरून नाव पडलेला जमिनीखालचा पाण्याचा थर आठ राज्यांखाली पसरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे पंप आले आणि कोलोरॅडोच्या फ्रँक झायबाख या शेतकऱ्याला १९५२ मध्ये गोल फिरणाऱ्या फवारा-यंत्राचं पेटंट मिळालं. विमानातून दिसणारी हिरवी वर्तुळं त्याचीच. ती त्या जुन्या १६० एकरांच्या चौकोनात बसतील अशी बेतलेली असतात, चारही कोपरे कोरडे राहतात. पश्चिम कॅन्सस आणि टेक्सासच्या काही भागांत पुनर्भरण अगदी थोडं असल्याने विहिरी आटल्या आहेत. नेब्रास्कात वाळूच्या टेकड्यांखाली साठा मोठा आणि पाऊस मुरतोही, म्हणून आमच्याकडे परिस्थिती त्या मानाने बरी.

हिशेबाचं म्हणाल तर १९७२ मध्ये नेब्रास्काने राज्यभर नैसर्गिक संसाधन जिल्हे सुरू केले. सध्या २३ आहेत. त्यांच्या हद्दी काउंटीच्या सरळ रेघांवर नाहीत, नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे आखल्या आहेत. माळरानताईंना हे विशेष आवडेल. सदस्य मतदानाने निवडले जातात, खर्च मालमत्ताकरातून. रिपब्लिकन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ओलिताच्या विहिरींवर मीटर आहेत आणि एकरामागे किती इंच पाणी उपसायचं याचा कोटा ठरलेला आहे. काही वर्षांचा कोटा एकत्र मिळतो. पाऊस चांगला झाला तर शेतकरी पाणी शिल्लक ठेवतो आणि कोरड्या वर्षी वापरतो. कोट्याच्या वर उपसलं तर दंड, आणि पुढच्या कोट्यातून कपात. बैठका सर्वांना खुल्या असतात. पाण्याच्या कोट्याचा विषय असला की खोली भरलेली असते आणि वाद जोरात होतात. त्यांचे नियम आणि विहिरींच्या पातळीच्या नोंदी जिल्ह्यांच्या कार्यालयांत कुणालाही बघता येतात. तुमच्या निचऱ्याच्या कामाला त्यातलं काही उपयोगी पडणार असेल तर सांगा, मी आणून देतो.